पावसात सोप्यात, सुगीत शिनोळीला

बेळगावच्या उद्यमबागेत 31 वर्षं लेथवर उभा राहिलो. शहापुरातून रोज 22 इंची काळ्या सायकलीवरनं जायचो आणि यायचो. निवृत्त झालो, सायकल परसात भिंतीला टेकली आणि वर्षाच्या आत साखर लागली. डॉक्टर म्हणाले, चाला नाहीतर सायकल मारा. मुलीनं पुण्याहून पैसे पाठवले आणि फोनवर सांगितलं, "बाबा, पावसाळा तोंडावर आलाय. घरात चालवायचं मशीन घ्या, निमित्त सांगू नका." अशी सोप्यात, म्हणजे घराच्या दर्शनी भागात, जागची सायकल आली. पुढं दिवाळीला मी गिअरची धावणारी सायकलही घेतली. दोन्हींवर पाच वर्षं काढली, दोन्हींवर चुका केल्या. आपल्या भागात ज्यांना हे सुरू करायचंय त्यांच्यासाठी लिहितोय.

सगळ्यात मोठी चूक आधी सांगतो, म्हणजे बाकीचं समजेल. पहिला पावसाळा मी सोप्यात मन लावून पायडल मारली. समोरच्या आकडे दाखवणाऱ्या डब्यावर 35 मिनिटांत 20 किलोमीटर दिसायचे. रोज 20! मनात म्हटलं, शिनोळी म्हणजे काय, जाऊन-येऊन तीसेक किलोमीटर. ऑक्टोबरात एका रविवारी शेजाऱ्याच्या मुलाची गिअरची सायकल मागून घेतली आणि निघालो. गल्लीच्या तोंडाशी दोस्त भेटला, "काय बा, कुठं जाऊलालास?" म्हटलं, "शिनोळीला, चहा पिऊन येतो." हिंडलगा झालं, सुळगा झालं, उचगाव फाट्याला मांड्या भरून आल्या. बाची ओलांडेपर्यंत मनगटं बधिर झाली. शिनोळीत चहा प्यालो खरा, पण परत येताना सायकल एका टेंपोत घातली आणि ड्रायव्हरशेजारी मान खाली घालून बसलो. दोस्त अजून विचारतो, चहा कसा होता म्हणून.

त्या डब्यातले किलोमीटर म्हणजे काय, हे मी खरं तर मशीन घेतलं त्याच दिवशी उघडून बघायला हवं होतं. आमचा धंदाच तो. आत एक लोहचुंबकाचा तुकडा आणि एक सेन्सर असतो. फिरता भाग एकदा समोरून गेला की एक मोजणी. त्याला कंपनीनं ठरवलेल्या आकड्यानं गुणलं की किलोमीटर झाले. साध्या मशीनवर पायडलचा जोर कमी-जास्त करायची गुंडी सैल असो की घट्ट, मोजणी तेवढीच. म्हणजे सैल गुंडीवर भरभर पाय हलवले की माणूस सोप्यात बसून गोव्याला पोचतो. घरात वारा नाही, चढ नाही, खड्डा नाही. बाहेर सपाट रस्त्यावर वेग वाढला की मुख्य भांडण वाऱ्याशी. वेग दुप्पट केला तर वाऱ्याचा अडथळा चौपट होतो आणि त्याला लागणारी ताकद आठपट. चढाचं गणित आणखी सरळ. मी आणि सायकल मिळून 85 किलो. शंभर मीटरला पाच मीटर चढणाऱ्या रस्त्यावर ताशी 10 किलोमीटरनं जायचं तर नुसता चढच 115 वॅटच्या आसपास मागतो. पेन्सिल घेऊन मांडून बघा, तेवढंच येतं. सोप्यात सैल गुंडीवर मी त्याच्या निम्मंही काम करत नव्हतो.

म्हणून पहिला नियम: घरचे किलोमीटर आणि रस्त्यावरचे किलोमीटर एका वहीत लिहू नका. मी दोन्हीकडं फक्त मिनिटं लिहितो आणि पुढं श्वास कसा होता ते. श्वासाचे तीन दर्जे ठेवलेत. गाणं म्हणता येतंय तो पहिला. बोलता येतंय, पण गाणं नाही, तो दुसरा. दोन-तीन शब्दांपुढं वाक्य जात नाही तो तिसरा. आठवड्यातला बहुतेक वेळ दुसऱ्यात जायला हवा. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. तो मध्यम म्हणजे हाच दुसरा दर्जा. घरातली 40 मिनिटं असोत की येळ्ळूर रस्त्यावरची, श्वास सारखा असेल तर हृदयाला दोन्ही सारखीच.

एक फरक मात्र ध्यानात ठेवा. रस्त्यावर उतार येतो, चौक येतो, म्हैस आडवी येते, तेवढा वेळ पाय थांबतात. तासाभरातली दहा-बारा मिनिटं अशी फुकटची विश्रांती. घरात पाय थांबवायला कारणच नाही. म्हणून घरातली 45 मिनिटं कधीकधी बाहेरच्या तासाएवढी दमवतात. गुंडी योग्य असेल तर.

कॅलरीचा आकडा? डब्याला तुमचं वजन माहीत नसेल तर तो अंदाजपंचे दाहोदरसे. वॅट दाखवणारं मशीन असेल तर हिशेब नीट होतो. 100 वॅटनं एक तास म्हणजे 360 किलोज्यूल काम. शरीराचं इंजिन चौथ्या भागाच्या आतबाहेर कार्यक्षम, बाकीची उष्णता. त्यामुळं गंमत अशी जुळते की जेवढे किलोज्यूल काम, साधारण तेवढ्याच किलोकॅलरी खर्च. तासभर घाम गाळून साडेतीनशे-पावणेचारशे. नंतर कुंद्याची वाटी पुढं आली की हा आकडा आठवायचा. मला आठवतो, पण वाटी पुढं आल्यावर थोड्या उशिरानं.

आता माप. इथं घाई करू नका, कारण गुडघे इथंच जातात. पहिल्या पावसाळ्यात मी सीट खाली ठेवली होती, पाय जमिनीला टेकावेत म्हणून. काळ्या सायकलीची सवय. दीड महिन्यात गुडघ्याच्या वाटीमागं दुखायला लागलं. मग बसून मोजमाप केलं.

भिंतीला पाठ लावून अनवाणी उभं राहायचं. एक जाड वही दोन्ही पायांच्या मधे, कणा वर करून, जांघेत घट्ट दाबून धरायची, जशी सीट दाबते तशी. वहीच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत माप घ्यायचं. माझं आलं 78 सेंटिमीटर. त्याला 0.883 नं गुणायचं. आले जवळजवळ 69. क्रँक, म्हणजे पायडलचा दांडा, ज्या धुऱ्याभोवती फिरतो त्या धुऱ्याच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत, सीटच्या दांड्याच्या रेषेत, हे अंतर ठेवायचं. गुणाकार नको असेल तर दुसरी रीत: सीटवर बसून टाच पायडलवर ठेवा, पायडल सगळ्यात खाली न्या. पाय सरळ व्हायला हवा, पण कंबर एका बाजूला झुकता कामा नये. चालवताना टाचेऐवजी चवडा पायडलवर येतो, मग गुडघ्याला आपोआप थोडा बाक राहतो. तेवढा बाक हवाच. गुडघा पुढून दुखला तर सीट बहुधा खाली आहे. गुडघ्याच्या मागं ओढ बसली किंवा ढुंगण डावीकडं-उजवीकडं हलायला लागलं तर वर आहे. एका वेळी अर्धा सेंटिमीटरच बदला आणि दोन-तीन दिवस बघा. लेथवर एकदम खोल कट घेतला की जॉब फुकट जातो, तसंच हे.

सीटचं पुढं-मागचं माप ओळंब्यानं. दोन्ही क्रँक जमिनीला समांतर करा. पुढच्या पायाच्या गुडघ्याच्या वाटीखालून दोरा सोडा. तो पायडलच्या धुऱ्याच्या आसपास पडला पाहिजे. ओळंबा नसेल तर दोऱ्याला एक नट बांधा.

ही दोन्ही मापं मी खिळ्यानं दोन्ही सायकलींच्या दांड्यावर कोरलीत. जागची आणि धावणारी अगदी तंतोतंत जुळत नाहीत. घरच्या मशीनची पायडलं एकमेकांपासून जास्त लांब असतात, सीट पसरट असते. पण उंची जुळली तरी ऑक्टोबरात बाहेर पडताना गुडघा तक्रार करत नाही.

मशीन घ्यायचं तर नवीनच घ्या असं मी म्हणणार नाही. टिळकवाडीत, शहापुरात घरोघरी एकेक मशीन टॉवेल वाळत घालायच्या कामाला लागलेलं आहे. जुनं बघायला गेलात तर आधी पायडल हातानं जोरात फिरवून सोडा आणि कान लावा. खरखर आली तर बेअरिंग गेलंय. क्रँक धरून आत-बाहेर हलवा, खडखड नको. वर बसून उभं राहून बघा, मशीन डोललं तर सोडून द्या. फ्लायव्हील, म्हणजे पायडलनं फिरणारं चाक, जड असलं की फेरा गुळगुळीत येतो, हलकं असलं की प्रत्येक फेऱ्यात पाय वर येताना अडखळल्यासारखं होतं. नमद्याचा तुकडा चाकावर दाबणारं मशीन स्वस्त, पण नमदा झिजतो, तापतो, वास मारतो. चुंबकाचं मशीन शांत, झिजायला काही नाही. ज्यात पाय थांबवले तरी फ्लायव्हील पाय फिरवत राहतं, त्या मशीनवर पाय एकदम बाहेर काढू नका, नडगी फुटते. आधी गुंडी दाबून चाक थांबवायचं.

ठेवायचं कुठं? मी आधी माळ्यावर ठेवलं होतं. जुनं कौलारू घर, लाकडी तक्तपोशी. मी पायडल मारली की खाली देव्हाऱ्यातली घंटा किणकिणायची. म्हणून सोप्यात आणलं, खाली रबराची जुनी चटई घातली. समोर खिडकी आणि बाजूला पंखा. पंख्याला चैन समजू नका. रस्त्यावर आपण वारा कापत जातो, तो घाम उडवतो. घरात तो घाम अंगावरच राहतो, अंग तापतं आणि त्याच कामाला हृदय जास्त धडधडतं. त्यात जुलैची दमट हवा. लाइट गेली की मशीन चालतं, पंखा बंद. अशा दिवशी मी गुंडी एक आटा सैल करतो आणि वेळ कमी करतो. पाण्याची बाटली हाताशी असू द्या. आणि झाल्यावर हँडल, सीटचा दांडा, नट कोरड्या फडक्यानं पुसा. घामातलं मीठ लोखंड खातं. दोन पावसाळ्यांत माझा सीटचा दांडा आत गंजून असा बसला की काढायला हातोडी लागली.

आता घरात चालवायचं कसं. पहिली सहा-सात मिनिटं सैल, पहिल्या दर्जाच्या श्वासात. मग गुंडी घट्ट करा, पाय मिनिटाला 70 ते 85 फेरे मारतील आणि श्वास दुसऱ्या दर्जात येईल इतकी. 90 च्या वर पाय उडत असतील आणि ढुंगण सीटवर नाचत असेल तर गुंडी सैल आहे. 55 च्या खाली रेटत असाल तर घट्ट आहे, गुडघ्याला ओझं. अशी 25 मिनिटं, शेवटी पाच मिनिटं सैल. आठवड्यातून एक दिवस, महिनाभर रुळल्यावर, मधल्या वेळात एक मिनिट तिसरा दर्जा आणि दोन मिनिटं सैल, असं सहा वेळा. या दिवसाला मी राजहंसगड म्हणतो, कारण येळ्ळूरजवळच्या त्या गडाच्या चढाची तयारी घरात एवढ्यानंच होते. दर पाच-सात मिनिटांनी सीटवरनं थोडं उठा. बाहेर खड्डे आपल्याला उठवतात, घरात कोणी उठवत नाही आणि बूड बधिर होतं.

कंटाळा हा घरातला मोठा शत्रू. त्यावर माझ्याकडं उपाय नाही, खिडकी आहे.

बाहेर कधी पडायचं? मिरग निघाला की आमच्याकडं पाऊस सुरू होतो आणि झड लागली की आठ-आठ दिवस सूर्य नाही. कुणी रेनकोट घालून जातात, जावोत. माझ्या वयाला ओला रस्ता आणि टिळकवाडीची रेल्वे गेटं पुरेशी आहेत. ओला रूळ म्हणजे तेल लावलेला शाफ्ट. कोरड्यातही रूळ ओलांडताना चाक रुळाला काटकोनात न्यायचं. तिरकं गेलं की टायर खाचेत. गर्दी असेल तर सरळ उतरून चालत जा, कुणी हसत नाही.

पाऊस ओसरला, भातं पोटरीला आली की मी धावणारी सायकल खाली काढतो. टायर अंगठ्यानं दाबून नव्हे, पंपाच्या काट्यावर बघायचं. टायरच्या बाजूला किमान-कमाल हवा छापलेली असते, त्याच्या मधे. दोन्ही ब्रेक दाबून सायकल पुढं ढकलून बघायची. चेनवर दोन थेंब तेल, जादा पुसून काढायचं. मागं लाल लुकलुकणारा दिवा, डोक्यावर हेल्मेट, पिशवीत एक ट्यूब, ठिगळं, सोल्यूशन आणि छोटा पंप. काळ्या सायकलीच्या दिवसांत पंक्चरवाला दर चौकात होता, आता शोधावा लागतो.

पहिले दोन आठवडे घरातल्या वेळेच्या निम्मंच करा. दम भरपूर असतो, पण मनगट, मान, खांदे आणि तोल हे चार महिने झोपलेले असतात. मी सुरुवात कॅम्पातल्या सावलीच्या रस्त्यांनी करतो. सकाळी सहाला वर्दळ नसते, रस्ते बरे, लष्करी शिस्तीमुळं कुत्रीही कमी. चार-पाच दिवसांनी काँग्रेस रोड. मग वडगावातून येळ्ळूर. दोन्ही बाजूंना बासमतीची शेतं. पीक निसवलं की पहाटे त्या रस्त्याला असा वास सुटतो की 40 मिनिटं कुठं गेली कळत नाही. हा वास कुठल्याच मशीनला देता येत नाही, एवढं मी मशीनची बाजू घेऊनही कबूल करतो. महिन्याभरानं राजहंसगड. शेवटचा चढ छाती फोडतो. हलका गिअर चढाच्या आधी टाका, चढात अडकल्यावर नाही. नाहीच जमलं तर ढकलत न्या. उतरताना दोन्ही ब्रेक थोडेथोडे, आलटून-पालटून, आणि वळणाच्या आधी वेग कमी.

शिनोळीला वारा बघून जायचं. पावसाळी वारा पश्चिमेचा, जाताना तोंडावर. थंडीत बहुधा पूर्वेचा, तो येताना तोंडावर. ज्या दिवशी जाताना सायकल पंख लागल्यासारखी पळते, त्या दिवशी निम्मी ताकद परतीसाठी राखा. टेंपो दर वेळी मिळत नाही.

सुगीच्या दिवसांत दोन गोष्टींना भ्यायचं. रस्त्यावर मळणीसाठी पसरलेली पिंजर, म्हणजे पेंढा, चेनमध्ये आणि गिअरमध्ये गुंडाळते. ती दिसली की उतरा. आणि उसाचे ट्रॅक्टर. मागं दोन-दोन ट्रॉल्या, बाहेर आलेला ऊस, दिवा नाही, रिफ्लेक्टर चिखलानं माखलेला. उजाडल्याशिवाय मोठ्या रस्त्याला जायचं नाही, आणि ट्रॉलीच्या मागं चिकटून सावलीत जायचा मोह तर अजिबात नको. हायवेला मी सायकल घालतच नाही. कुत्रं मागं लागलं तर पळवू नका. उतरा, सायकल कुत्र्याच्या आणि आपल्या मधे धरा, चालायला लागा. त्याचा उत्साह दहा पावलांत संपतो.

साखरवाल्यांनी एवढं पाळा. गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर सुरू करायच्या आधी डॉक्टरला विचारा, कारण व्यायामानं साखर खाली जाते. खिशात गुळाचा खडा किंवा ग्लुकोज. हात थरथरले, दरदरून घाम आला, डोळ्यापुढं अंधारलं तर थांबायचं, तोंडात टाकायचं, बसायचं. घरात हाक मारायला माणूस असतो, बाचीच्या रस्त्याला नसतो. म्हणून बाहेर जाताना घरी रस्ता सांगून जायचा. बूट-मोजे घालूनच पायडल मारा, आल्यावर तळवे बघा. छातीत दुखलं तर घरी-दारी एकच नियम, ताबडतोब थांबा आणि दवाखाना गाठा. आणि नुसत्या सायकलीनं हाडांना पुरेसा भार मिळत नाही. म्हणून आठवड्यात दोनदा मी व्हॅक्सिन डेपोत चालायला जातो आणि घरी खुर्चीवरनं उठबस करतो.

आमच्या गावात सायकलीला वेगळाही मान आहे. 1956 च्या नोव्हेंबरात बेळगाव महाराष्ट्राऐवजी तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं, ते दुखणं घेऊन दर 1 नोव्हेंबरला मूक सायकल फेरी निघते. एरवी गुडघ्यावर हात ठेवून जिना चढणारे म्हातारे त्या दिवशी काळी फीत बांधून काळ्या सायकलीवर दिसतात. त्यांच्या सीटही बहुतेकांच्या खाली असतात. सांगायला गेलो तर ओरडा खाल्ला.

आता या दोन्हींत भारी कुठली, असं मला सारखं विचारतात. माझ्या वहीचं उत्तर असं की बाहेरच्या महिन्यांत माझी मिनिटं जास्त भरतात, पण दिवस चुकतात. लग्न, पाहुणे, धुकं, पंक्चर. सोप्यातल्या मशीनला निमित्त लागत नाही. मशीनची खरी मालकीण तर आमच्या घरात वेगळीच निघाली. बायकोनं आयुष्यात सायकल चालवली नव्हती. एक दिवस म्हणाली, "अहो, मी बसून बघू का?" मी वहीनं माप घेतलं, सीट लावून दिली. आता संध्याकाळच्या मालिकेची 25 मिनिटं तिची. जाहिरात लागली की गुंडी घट्ट, मालिका सुरू झाली की सैल. हे तिचं तिनंच शोधलं, मी राजहंसगड वगैरे काही सांगितलं नव्हतं. तोल जात असेल, चक्कर येत असेल, दिसायला कमी असेल किंवा पहाटे एकटीनं बाहेर पडणं जमत नसेल, तर तिच्यासारखं बारमाही मशीन धरा.

मागच्या वर्षाची वही काढून मोजलं तर तिचे दिवस माझ्यापेक्षा 41 नं जास्त भरले.

काल संध्याकाळी ढग भरून आले, यळेबैलाच्या बाजूला वीज चमकली. मी धावणारी सायकल पुसली, चेनला तेल दिलं, टायर जमिनीला टेकू नयेत म्हणून माळ्याच्या तुळईला टांगली. खाली आलो तर मालिका चालू होती आणि मशीनही. म्हटलं, माझा नंबर कधी? ती म्हणाली, "जाहिरात लागू दे."